चादरीखालचं नवं पॅनल

वस्तू आपसांत बोलायच्या आणि माणसांना ते ऐकूही यायचं, त्या काळातली ही गोष्ट. गोदाक्कांच्या गच्चीवर एक जुनं, जाड सौर पॅनल होतं. एके दिवशी त्याच्या शेजारी नव्या जातीचं, कागदासारखं पातळ पॅनल आलं.

"मला घडवताना कारखान्यानं फार वीज जाळली," जुनं म्हणालं. "तेवढी परत द्यायला दोनेक वर्षं गेली. पुढची सगळी कमाई. तुझं काय?"

"मला थोडीच लागली, मी एका उन्हाळ्यात फेडीन," नवं म्हणालं. "पण माझं आयुष्यही थोडंच. ओल शिरली की संपलं."

तेवढ्यात गोदाक्का वर आल्या. त्यांच्या घरी टीव्हीचा रिमोटसुद्धा प्लास्टिकच्या पिशवीत असे. "कोरी वस्तू, उन्हानं खराब व्हायची," म्हणत त्यांनी नव्या पॅनलवर फुलाफुलांची चादर घातली आणि कोपऱ्यांवर विटा ठेवल्या.

"अक्का, चादर काढा! मला ऊन हवंय!"

"काढू की. दिवाळीला पाहुणे येतील तेव्हा."

पावसाळा गेला. दिवाळीला पाहुण्यांसमोर अक्कांनी चादर उचलली. पॅनलमध्ये ओल शिरली होती. ते पिवळं पडलं होतं आणि त्यावर साधा दिवाही लागेना.

"एवढं जपलं, तरी टिकलं नाही," अक्का पाहुण्यांना म्हणाल्या. "नव्या वस्तूंत दमच नाही."

त्यांनी चादर झटकली. तिच्यावरची फुलं उन्हानं पार विटली होती.

"हे तरी टिकू दे," म्हणत अक्कांनी ती जुन्या पॅनलवर घातली.