आडनाव नसलेली फीबी

एकदा एक इतिहासकार मोठा पुरस्कार घेऊन आपल्या वृद्ध गुरूंच्या दारी आला. शिष्याचे नाव मी सांगणार नाही, गुरूंचेही नाही. त्या दोघांची नावे पुष्कळदा छापून आली आहेत. या कथेत ज्या बाईचे नाव यायला हवे, तिचे मात्र येईल.

पुरस्कार साधासुधा नव्हे. अमेरिकेच्या इतिहासावर वर्षभरात निघालेल्या ग्रंथांतून एकच निवडायचा, आणि तोही तिथल्या जाणत्या प्राध्यापकांनी, असा त्याचा लौकिक. नागपूरच्या कॉलेजात शिकलेल्या माणसाला तो मिळाला म्हणून वर्तमानपत्रांनी कोण कौतुक केले! पण शिष्याच्या जिवाला चैन नव्हते. ज्यांनी त्याला इतिहास शिकवला, त्या सरांचे दोन ओळींचे पत्रही आले नव्हते. सर सत्त्याऐंशी वर्षांचे, अंथरुणाला खिळलेले. त्यांच्या तोंडून एकदा 'शाब्बास' ऐकावे, एवढ्यासाठी तो एवढा प्रवास करून आला.

त्याने पदक सरांच्या उशाशी ठेवले. सरांनी तिकडे पाहिलेही नाही.

"पुस्तक दे," ते म्हणाले.

त्यांनी भिंग घेतले आणि पुस्तक मागून उघडले. शेवटच्या पानांवर नामसूची होती. त्यांचे बोट एका जागी थांबले, वर सरकले, पुन्हा खाली आले. असे दोन-तीनदा झाले. मग त्यांनी पुस्तक मिटले आणि त्याच्या हाती परत दिले.

"अपुरं आहे रे हे."

शिष्याला ते फार लागले. "सर, नऊ वर्षं घातली मी यात! चारशे पानं आहेत. एक तरी वाचा, मग काय ते बोला."

"फीबी कुठे आहे?"

शिष्याला हायसे वाटले. "अहो सर, पुस्तकभर तीच तर आहे! चौथं प्रकरण अख्खं तिचं."

फीबी ही कापसाच्या एका मळ्यावरची गुलाम बाई. तिची तीन मुले तिच्या डोळ्यांदेखत तिघा वेगवेगळ्या मालकांना विकली गेली. तिने चोरून अक्षरे गिरवली आणि आपल्या प्रार्थनेच्या पुस्तकात, कोऱ्या पानावर, मुलांची नावे लिहून ठेवली. ते पुस्तक तिच्या पणतीने, नव्वदी ओलांडलेल्या कोराआजींनी, जपले होते. शिष्याला ते पाहायला मिळाले तेव्हा त्याने आनंदाने सरांना कळवले होते, 'सर, मला फीबी सापडली.' कोराआजींनी त्याच्याकडे काही मागितले नाही. एवढेच विचारले होते, "माझ्या पणजीचं नाव येईल ना तुझ्या पुस्तकात?" त्याने त्या जीर्ण पुस्तकावर हात ठेवून 'येईल' म्हटले होते.

"मग ती सूचीत का नाही?" सरांनी विचारले.

शिष्याने पान उघडले. मळ्याचा मालक तिथे होता, एकोणचाळीस पृष्ठांक मिरवीत. त्याच्या नोंदीखाली त्याची बायको होती, त्याचे जावई होते, त्याचा घोडासुद्धा होता. फीबी नव्हती. 'गुलाम स्त्रिया' या एका नोंदीखाली काही आकडे होते, त्यांतच ती कुठेतरी होती.

"वर्ष सरायच्या आत पुस्तक निघालं नसतं, तर त्या सालच्या पुरस्काराला बसलं नसतं," शिष्य हळू आवाजात म्हणाला. "सूची दोन दिवसांत उरकली, सर. नियम असा, की माणूस आडनावाखाली लावायचा. तिला आडनावच नव्हतं. तशा सगळ्यांना मी एकाच नोंदीखाली घातलं. म्हटलं, सूची कोण बघतंय..."

आणि तो बोलता बोलता थांबला. सरांच्या हातातल्या भिंगाकडे पाहतच राहिला.

पुरस्कार समारंभाच्या आठवड्यात कोराआजींच्या भाच्याचा फोन आला होता. 'मावशी गेली,' तो म्हणाला होता. 'तुमचं पुस्तक मिळालं होतं. तिच्याच्यानं काही एवढं वाचवत नव्हतं. शेवटची पानं तेवढी भिंगातून फिरून फिरून पाहिली. मग पुस्तक मिटलं आणि बाजूला सारलं.' शिष्याला वाटले होते, म्हातारी थकली असेल. त्याने चार शब्द सांत्वनाचे बोलून फोन ठेवला होता आणि समारंभातले भाषण पाठ करायला बसला होता.

त्याने तो फोन सरांना सांगितला. "सर, आजीला वाटलं असेल, मी फसवलं. नाव चौथ्या प्रकरणात होतं हो! आणि ती ते न बघताच गेली."

सरांनी भिंग बाजूला ठेवले.

"विद्वान ग्रंथ पुढून वाचतात," ते म्हणाले. "ज्यांचं माणूस त्यात असतं, ते मागून उघडतात. मालकानं फीबीला आडनाव मिळू दिलं नाही, आणि आडनाव नाही म्हणून आपण तिला जागा दिली नाही. त्याचं उरलेलं काम आपण पुरं केलं बघ. आणि तुला एकट्याला काय बोलू? कॉलेजात सूचीची कार्डं लिहायला तुला मीच बसवायचो. 'आधी आडनाव, मग नाव' हे मीच घोकून घेतलं तुझ्याकडून. पुस्तक आलं तेव्हा पहिल्यांदा तिलाच शोधलं मी. पत्र कोणत्या तोंडानं लिहू?"

म्हणजे पुस्तक इथे आधीच पोचले होते. सर तिला पुन्हा शोधत होते, कदाचित पहिल्या वेळी नजर चुकली असेल म्हणून.

शिष्याने खिशातले पेन काढले. सूचीच्या समासात, जिथे तिची जागा होती तिथे, त्याने 'फीबी' लिहिले आणि एकेक पृष्ठांक शोधून पुढे मांडला. ते एकेचाळीस निघाले. शेवटचा आकडा ओला झाला, शाई पसरली. सरांनी भिंगातून ती ओळ वाचली आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवला. जो शब्द ऐकायला तो आला होता, तो सर बोलले नाहीत, आणि त्यालाही तो आठवला नाही.

पुढच्या आवृत्तीत फीबी आहे, आडनावाशिवाय, आपल्या जागी. कोराआजींच्या ज्या म्हाताऱ्या डोळ्यांनी तिला तिथे शोधले होते, त्यांना मात्र ती दाखवता आली नाही.