गुलाबच्या सॅक्सची चावी

"त्याचाच आहे ना, मास्तर?"

याकोब मास्तरांनी वर पाहिलं नाही. आपल्या वाद्यदुरुस्तीच्या दुकानात ते एका क्लॅरिनेटच्या सांध्याला मेणाचा दोरा गुंडाळत होते.

"बस तरी आधी."

"बसायला वेळ नाही. तो बाहेर गाडी चालू ठेवून उभा आहे."

रोहिदासनं चादरीची गाठ दातांनी सोडली आणि सॅक्सोफोन टेबलावर ठेवला. जुना होता. मुलामा उडालेला, पितळ काळवंडलेलं.

बाहेर मोटारसायकलचा हॉर्न वाजला. जुनी वाद्यं विकणाऱ्या व्यापाऱ्यानं अर्ध्या तासाच्या बोलीवर वाद्य तपासायला दिलं होतं, आणि सोबत आपला माणूस धाडला होता. चार वाजता दुसरं गिऱ्हाईक यायचं होतं.

"काय म्हणून विकतोय तो?"

"फ्रान्सचा, ऐंशी वर्षांचा, असलं कायबाय. मला काय करायचंय त्याच्याशी? दादाचा आहे का नाही, एवढं सांगा. अकरा वर्षं शिकवलंय तुम्ही त्याला."

दादा म्हणजे गुलाब, रोहिदासचा थोरला भाऊ. लग्नाच्या बँडमध्ये सॅक्सोफोन वाजवायचा. गेल्या वैशाखात वरात आटपून येताना टेम्पो उलटला. गुलाब जागीच गेला. त्याच्या मांडीवरच्या सॅक्सला मात्र ओरखडाही आला नाही.

ते रोहिदासला सोसलं नाही. तेराव्याला पंगत बसलेली असताना त्यानं सॅक्स खुंटीवरून ओढला आणि दारावरून चाललेल्या भंगाराच्या गाड्यावर फेकला. बदल्यात काही घेतलं नाही. भंगारवाल्याचं तोंडही पाहिलं नाही.

त्या दिवसापासून आई त्याच्याशी बोलत नव्हती. ताट वाढायची, पण बोलायची नाही.

आणि रोहिदास तोच सॅक्स शोधत धावत होता. कुठं बँड वाजला की हा हजर. वाजवणाऱ्याच्या हातातलं वाद्य उलटंपालटं करून बघायचा. राहुरीला एकदा त्यापायी वऱ्हाडाचा मारही खाल्ला.

"कशावरून गुलाबचा?" मास्तरांनी विचारलं.

रोहिदासनं वाद्याच्या रुंद तोंडाच्या कडेवर बोट ठेवलं. "हा पोचा. मी पाडला होता, नऊ वर्षांचा असताना. दादानं अप्पाला सांगितलं, माझ्या हातून पडला. मार त्यानं खाल्ला."

मास्तरांनी भिंतीकडे हात केला. खिळ्यांना तीन सॅक्सोफोन टांगलेले. तिन्हींनाही तिथंच पोचा.

"खाली ठेवताना तिथंच आपटतो. सगळ्यांचा."

"असंल. पण हा पोचा माझा आहे."

मास्तरांनी वाद्य उलटं केलं. जिथं अंगठा टेकतो त्याच्याखाली बारीक आकडे कोरलेले होते.

"गुलाबचा नंबर काय होता?"

रोहिदासनं आकड्यांवरून अंगठा फिरवला. दर शनिवारी सॅक्स पुसायचं काम त्याचंच असायचं. त्याच आकड्यांवरून फडकं फिरवलं होतं... कधी वाचले नव्हते.

पुन्हा हॉर्न.

"आलो म्हटलं ना!" तो दाराकडे बघून खेकसला.

मास्तरांनी माऊथपीस काढून खिडकीशी धरला. वरच्या बाजूला दातांचे दोन खड्डे पडले होते, शेजारी शेजारी, सारखे.

"गुलाबचा एक दात अर्धा होता."

"माऊथपीस बदलता येतो."

"येतो."

"मग?"

"मग काय! शाळा सोडलीस ते बरं झालं. वकील होऊन लोकांना छळलं असतंस."

रोहिदास हसला नाही. टेबलाची कड त्यानं दोन्ही हातांनी धरली होती.

"मास्तर, तुम्ही नुसतं हो म्हणा. हो म्हणालात की घेतो."

"आणि नाही म्हणालो तर?"

"तरी घेतो."

"मग मला कशाला विचारतोस?"

"आईला सांगायला..." त्याचा आवाज फाटला. "याकोब मास्तर म्हणाले म्हटल्यावर ती मानील. माझ्या एकट्याचं नाही मानायची."

मास्तर उठले. दुकानाचं शटर त्यांनी खाली ओढलं. भर दुपारी आत अंधार झाला. वायरीला बांधलेला बोटभर दिवा त्यांनी सॅक्सोफोनच्या पोटात सोडला.

"दाब सगळ्या चाव्या. घट्ट."

रोहिदासनं दाबल्या. भोकांवरच्या चामड्याच्या गाद्या बसल्या. जिथं नीट बसल्या नव्हत्या, तिथून उजेडाच्या रेघा फुटल्या. एक, दोन, सहा, सात. सगळं वाद्य गळत होतं.

बाजूची एक लहान चावी तेवढी काळीकुट्ट. तिथून उजेडाचा कणही नाही.

मास्तरांचं बोट तिच्यावर थांबलं.

"दिवाळीनंतर एक बाई हा घेऊन आली होती. संगमनेरची. नवरा वारलेला. म्हणाली, विकावा लागणार आहे, पण त्यांचा सॅक्स मी मुका विकणार नाही. वाजता करून द्या."

"म्हणजे दादाचा नाही."

"नाही."

रोहिदासनं चाव्यांवरची बोटं सोडली.

"ह्याची ही एक चावी गेलेली होती. मी नवी गादी लावून दुसरी बसवली, म्हणून तेवढी गळत नाही; बाकीच्या गाद्या जुन्याच आहेत. ती गुलाबची."

"...काय?"

"भंगारवाला माझ्याकडं आला होता. पोत्यात मावावा म्हणून त्यानं गुलाबचा सॅक्स हातोड्यानं चपटा केला होता. त्यात जेवढं जिवंत होतं, तेवढं मी काढून घेतलं. चाव्या, स्प्रिंगा. मग ज्या सॅक्सला जे लागलं, ते त्याच्यात गेलं. एक नेवाशाला वाजतो. एक आमच्या चर्चमध्ये."

"आणि मला सांगितलं नाही!" रोहिदास ओरडला. "नऊ महिने मी कुत्र्यासारखा हिंडतोय!"

"तू दर खेपेला विचारायचास, सॅक्स दिसला का? सॅक्स नव्हताच."

रोहिदासनं शटरला लाथ घातली. पत्रा गडगडला. मग एकदम वळून त्यानं हात पसरला.

"ती द्या. वाद्य नको मला. तेवढी चावी काढून द्या."

मास्तरांनी दिवा बाहेर काढला, शटर वर केलं. पेचकसानं एक सळई सैल केली, ओढली, आणि चावी त्याच्या तळहातावर ठेवली. चिंचोक्यापेक्षा थोडी मोठी.

रोहिदासनं मूठ मिटली. मूठ गालाला लावली. दुकानात आल्यापासून पहिल्यांदाच तो हलला नाही.

हॉर्न वाजला. लांबलचक.

"निघतो, मास्तर." त्यानं सॅक्स चादरीत घ्यायला दुसरा हात पुढं केला.

"थांब. परत देण्याआधी वाजतोय का बघ. त्या बाईला मी वाजता करून दिला होता."

गुलाबनं त्याला एकच सूर शिकवला होता. लहानपणी, गोठ्यात बसून. मास्तरांनी माऊथपीस परत बसवला. रोहिदासनं तो तोंडात धरला, मोकळ्या हाताची बोटं आठवून आठवून ठेवली आणि फुंकर मारली.

फुस्स.

पुन्हा मारली. मानेच्या शिरा तटतटल्या, डोळ्यांत पाणी आलं. काढलेल्या चावीच्या उघड्या भोकातून नुसतीच हवा निघून गेली.

"वाजत नाही, मास्तर."

मास्तरांनी क्लॅरिनेट मांडीवर ओढलं आणि दोऱ्याचं टोक शोधलं.

"कसा वाजेल, रोह्या... मूठ मिटलेली आहे ना तुझी."