मोहरीचं बोलावणं

वाऱ्यावर डोंगर ओलांडून आलेल्या थकल्या आईने अंडी घालायची तरी कुठे, सांगा बरं? फार जुनी गोष्ट. अशीच एक इवलीशी पतंगीण कोवळ्या कोबीवर टेकली.

"नको गं ताई!" कोबी घाबरला. "माझा गड्डा अजून धरायचाय. तुझ्या अळ्यांनी मधला कोंब खाल्ला, तर मी संपलोच."

"मग माझ्या पोरांनी उपाशी मरायचं?" पतंगीण रडवेली झाली.

बांधालगतची मोहरी म्हणाली, "अगं, इकडे ये. माझी पानं त्यांना आवडतील. पानांची चाळण झाली तरी माझ्या शेंगा भरतात."

"खरंच चालेल तुला?"

"बस आधी! पंख बघ, कसे लोंबताहेत."

दुसऱ्या दिवशी सकाळी मोहरीच्या पानांवर पिवळी अंडी होती आणि कोबीची मधली पानं आत वळू लागली होती.