गोजराबाई राणी आणि चिमटेकिडे

एक होता राजा. असू दे बापडा, तो बसलाय तिकडे दरबारात. आजची गोष्ट त्याची नाही, त्याच्या आईची आहे. सरका जरा, पांघरूण सगळ्यांना पुरलं पाहिजे. हां.

तर राजाचं नाव रंगराजा आणि त्याच्या आईचं नाव गोजराबाई. गोजराबाई राणी मोठी कामसू, पण संशयी. संशयी म्हणजे किती? दूध पातळ लागलं तर आधी गवळणीवर संशय, मग गाईवर, मग तांब्यावर. दासी हसली तर ती का हसली, आणि नाही हसली तर का नाही हसली. आता तुम्ही हसू नका, त्याला कारण होतं. रंगराजा पाळण्यात असतानाच त्याचे वडील वारले. भाऊबंद गादीवर टपून बसलेले. बाई कुणावर भरवसा ठेवणार? पोराला डोळ्यांत तेल घालून जपलं तिनं. पोर मोठं झालं, राजा झालं, भाऊबंद गेले आपापल्या वाटेनं, पण बाईचा जीव काही थाऱ्यावर आला नाही. वाईट नव्हती बरं का. भ्यालेली होती.

मग रंगराजाचं लग्न ठरलं. नवरी दूरच्या नदीकाठची, नाव हौसा. गोजराबाईनं लग्नाच्या कितीतरी आधी मांडव घातला आणि दाराशी केळीचे दोन खांब उभे केले, चांगले छताला टेकतील एवढे. खांब हिरवे राहिले की मुलाचं आयुष्य वाढतं, असं कुणीसं तिला सांगितलेलं. झालं. रोज सकाळी ती स्वतः कळशी घेऊन खांबांना पाणी घालायची. दासीला हात लावू द्यायची नाही. कुणी पाण्यात काय कालवेल, नेम काय?

लग्न लागलं. वरात दाराशी आली. उंबऱ्यात तांदळाचं माप ठेवलेलं. सकाळपासून ते त्या खांबालाच टेकून होतं. नवरीनं उजव्या पायानं माप लवंडायचं, म्हणजे लक्ष्मी घरात आली. हौसानं पाय लावला. तांदूळ सांडले. आणि तांदळातून काय निघालं? एक किडा. मग दुसरा. मग तिसरा. तपकिरी, चपटे, बोटाच्या पेराहून लहान, आणि शेपटीला चिमटा. चिमटेकिडेच ते. लोक म्हणतात, झोपलेल्या माणसाच्या कानात शिरतात. नाही रे, कुठले शिरतायत. काढ तो हात कानावरचा.

पण गोजराबाईनं दचकून पाय मागे घेतला. मागून कुणीतरी पुटपुटलं, "नवरीचा पायगुण." बस्स. तेवढं तिला पुरलं.

त्या दिवसापासून जिकडे पाहावं तिकडे चिमटेकिडे. मोरीत किडे, पाटाखाली किडे, घडी घातलेल्या शालूत किडे. एकदा तर रंगराजानं पगडी उचलली आणि आतून किडा टपकन त्याच्या मांडीवर पडला. गोजराबाईला घास गिळवेना. तिच्या मनानं घेतलं, ही पोरगी काहीतरी घेऊन आलीये. माझ्या मुलाच्या कानात किडा सोडणार, मग तो हिचंच ऐकणार, आणि मग त्याचं काय होईल ते मी कशी थांबवणार?

मग ती राजाला म्हणाली, "येत्या पुनवेपर्यंत किडे गेले तर ठीक. नाही गेले तर सूनबाई जाईल. माहेरी."

रंगराजा आईपुढे जन्मात कधी बोलला नव्हता. तो खाली बघत म्हणाला, "आईसाहेब म्हणतील तसं." दाराआड हौसा उभी होती. तिनं ऐकलं. टाकून दिलेली लेक म्हणून गावात परत जायचं, आईच्या दारात उभं राहायचं. पण रडली नाही. पदर खोचला आणि कामाला लागली.

आणि गोजराबाई लागली तिच्या मागावर.

पहिल्यांदा काय पाहिलं? दिवेलागणीला हौसा परसात गेली. भोपळ्याचे पोकळ देठ तोडून आणले, पाण्यात भिजवले आणि मोरीशी, पायरीशी, भिंतीच्या कडेला ठेवून दिले. झुंजूमुंजू झालं तशी गोजराबाई खिडकीआड येऊन उभी राहिली. हौसानं एकेक देठ उचलला आणि सुपावर आपटला. देठातून बदाबदा चिमटेकिडे पडले. ते सूप पदराखाली झाकून तिनं पार बागेच्या टोकाला नेलं आणि रिकामं केलं. अहो, किड्यांना ओली, अंधारी फट लागते, म्हणून ते देठात शिरले होते. पण गोजराबाईला वाटलं, ही बोलावते त्यांना. आणि तेही येतात, गुमान. कसला मंत्र आहे हिच्याकडे?

दुसऱ्यांदा काय पाहिलं? दुपारी सगळे वामकुक्षीला गेले, तर हौसा चुलीमागची ओली लाकडं ओढून उन्हात टाकतेय. चटया झटकतेय, रांजणाखालची ओल पुसून तिथं विटा लावतेय, कोपऱ्याकोपऱ्यात कोरडी राख पसरतेय. गोजराबाई मनाशी म्हणाली, ही राखेखाली काहीतरी पुरतेय. मग हौसा गेल्यावर ही स्वतः गेली आणि प्रत्येक कोपरा उकरून पाहिला. हाताला काय लागलं? राख. नाकाला लागली, कपाळाला लागली. दासी तोंडाला पदर लावून पळाल्या. त्या का हसल्या याचाही बाईनं बराच वेळ विचार केला.

किडे कमी झाले होते बरं का. पण संपत नव्हते. कुठून तरी येतच होते. आणि पुनव उद्यावर आली.

तिसऱ्यांदा मात्र कहर झाला. ऊन कलत होतं. गोजराबाई पाहते तो हौसा पुढच्या दाराशी उभी, आणि हातात कोयता. केळीच्या खांबाशी. खांबावर कोयता उगारलेला.

बाईच्या मनात एकच आलं. माझ्या मुलाचं आयुष्य तोडतेय ही. धावली आणि हौसाचं मनगट धरलं. ओढाताण झाली, धक्का लागला आणि खांब बुडातून मोडून आडवा झाला. वरून हिरवागार, आणि आतून? आतून काळा, कुजका, मऊ लगदा. त्यातून चिमटेकिडे निघाले, शेकड्यानं. दासी किंचाळत पळाल्या. किडेही चहूकडे पांगले.

एक किडी तेवढी पळाली नाही. खांबाच्या बुडाशी बारीकसा खळगा होता, त्यात ती अंडी घालून बसली होती. साबुदाण्याहून बारीक, पांढरी अंडी. खांब पडला तशी अंडी अंगणभर विखुरली. मग ती किडी काय करते, तर एकेक अंडं तोंडात धरते, खळग्यात नेऊन ठेवते आणि पुन्हा धावते. मध्येच थांबून गोजराबाईच्या अंगठ्यावर चिमटा उगारते. एवढीशी ती, आणि राणीवर चिमटा उगारते.

हौसा खाली बसली. एक अंडं पायरीशी अडकलं होतं, ते तिनं पानानं हळूच पुढे सरकवलं. किडीनं तिच्या बोटालाच चिमटा घेतला. हौसानं बोट काढलं नाही. म्हणाली, "घेऊ दे. तिला काय ठाऊक मी कोण ते. पोरांसाठी करतेय."

गोजराबाई उभीच राहिली. तिच्या हातातलं मनगट कधी सुटलं, तिचं तिला कळलं नाही.

आणि मग ती किडी बोलली. एरवी किडे बोलत नाहीत, पण त्या नगरात बोलायचे. म्हणाली, "राणीबाई, तुझे उपकार झाले. तू रोज पाणी घातलंस म्हणून आम्हाला एवढा गारवा मिळाला. आम्ही सगळे तुझ्याच खांबातले. अंडी गोळा झाली की मी जाते, तोवर पाय जपून टाक."

गोजराबाई मटकन पायरीवर बसली. सगळं घर धुंडाळलं, सुनेच्या पायाला नाव ठेवलं, आणि किडे आणले कुणी? तिनं स्वतः. कळशीनं.

मग तिनं विचारलं, "सूनबाई, तुला हे ठाऊक होतं?"

"आठ-दहा दिवसांपासून वास येत होता, आत्याबाई. आतून कुजलाय ते कळत होतं."

"मग बोलली का नाहीस? घरातून जायची वेळ आली होती तुझ्यावर."

हौसा म्हणाली, "तुम्ही ते पाणी त्यांच्या आयुष्यासाठी घालत होतात. खांब तोडा, असं कुठल्या तोंडानं सांगायचं? आज म्हटलं, मी तर जाणारच. जाताना तोडून टाकते. बोल लागला तर मलाच लागेल, आणि घर तरी स्वच्छ होईल."

मुलाला जपणारी या जगात आपण एकटीच, असं तिनं इतकी वर्षं धरून ठेवलं होतं. आणि ही काल आलेली पोर, घरातून जाता जाता त्याचं घर झाडून जायला निघाली होती. गोजराबाई रडली. डोळ्याला पदर न लावता, परत आलेल्या दासींसमोर रडली.

मग ती उठली. एक मोठं पान घेतलं, खळग्यातल्या मातीसकट किडी आणि तिची अंडी उचलली आणि स्वतः बागेच्या टोकाला नेऊन दगडाखाली ठेवली. किडीनं जाता जाता तिलाही चिमटा घेतला. घेऊ दे, गोजराबाई म्हणाली. दुसरा खांबही उपटला, मांडव उतरवला, दार उन्हाला मोकळं केलं. किडे गेले. म्हणजे बागेत राहिले, जिथं राहायला हवं तिथं.

दुसऱ्या दिवशी पुनव. हौसाला पोहोचवायला म्हणून आधीच सांगून ठेवलेली पालखी दाराशी येऊन उभी राहिली. भोई विचारायला लागले, कोण बसायचंय? रंगराजाचा चेहरा पडला. हौसानं आपलं बोचकं उचललं, कारण थांब असं तिला कुणी म्हटलं नव्हतं.

गोजराबाईनं ते बोचकं तिच्या हातातून घेतलं आणि भोयांना म्हणाली, "पालखी रिकामीच न्या. हिच्या माहेरी जा, आणि विहीणबाईंना घेऊन या. म्हणावं, महिनाभर राहायला या. तुमची लेक एवढी गप्प का, ते मला तुमच्याकडूनच समजून घ्यायचंय."

पालखी गेली आणि चार दिवसांनी हौसाच्या आईला घेऊन परत आली. हौसा धावत दाराशी गेली. तिच्यामागून गोजराबाई गेली, आणि दोघींनी मिळून विहीणबाईंना हाताला धरून उतरवलं.

मग ती सगळी त्या कोरड्या, लख्ख घरात सुखानं नांदली. दूध पातळ लागलं की गोजराबाई अजून गवळणीकडे रोखून बघायची, ते काही सुटलं नाही. पण मग सुनेला विचारायची, तुला काय वाटतं गं?

चला, झाली गोष्ट. त्यांच्या घरी निजानीज झाली, आता आपल्याही घरी होऊ दे. मिटा डोळे.