फुगलेला बेदाणा

फार जुनी गोष्ट. स्वयंपाकघरातल्या वस्तू तेव्हा एकमेकींशी बोलत असत. एका वाटीतल्या पाण्यात सुरकुतलेला बेदाणा सकाळपासून भिजत पडला होता. त्याच्या सालीला बारीक बारीक दारं होती. त्यांतून पाणी खुशाल ये-जा करी, पण आतल्या गोडीला साल काही उंबरा ओलांडू देत नसे.

दुपारपर्यंत बेदाणा टम्म फुगला. डब्यातल्या कोरड्या भावंडांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, “बघा रे, पाणी कसं माझ्याकडे धावत येतंय! आपली पतच तशी आहे!”

साल गालातल्या गालात हसली.

संध्याकाळी घरच्या सुगंधाकाकूंनी त्याला उचलून मुरांब्याच्या बरणीत, गार आणि दाट पाकात टाकलं. थोड्या वेळाने बघतो तर काय, आतलं पाणी बाहेर निघालेलं! बेदाणा पुन्हा सुरकुतू लागला.

“मावशी, दारं लाव!” तो सालीवर ओरडला. “फितूर झालीस का?”

“अरे, दारं सकाळीही अशीच उघडी होती,” साल म्हणाली. “गोडी जिकडे दाट, तिकडे पाणी जातं. सकाळी ती तुझ्या आत दाट होती, आता बाहेर आहे.”

“म्हणजे ते माझ्यासाठी आलंच नव्हतं?”

“नाही रे बाळा.”

बेदाण्याने आपल्या सुरकुत्यांकडे पाहिलं. मग घाबरत म्हणाला, “आणि माझी गोडी? तीही गेली?”

सुरकुतलेली साल त्याला आणखी घट्ट बिलगली.

“ती कशी जाईल? तिच्यासाठीच तर मी दारात बसलेय.”