महाद्वार कोणाचे?

गंगेकाठच्या एका नगरात पूर्वी एक हौशी राजा राज्य करीत होता, तेव्हा बोधिसत्त्व त्याचे अमात्य म्हणून जन्मले होते. राजाला बांधकामाचा भारी नाद. गावोगावचे कारागीर बोलवावेत, गोड बोलून काम करून घ्यावे आणि मजुरी उद्यावर ढकलावी, गरज सरो, वैद्य मरो, असा सारा कारभार. शिवाय नगराचा नियमच होता की, मजुरी न घेता जो वेस ओलांडेल त्याचा हक्क बुडाला. त्यामुळे कारागीर तिथेच अडकून पडत.

पूर्णक नावाच्या सुताराने राजवाड्याचे महाद्वार घडवले. तो गावाहून निघाला तेव्हा त्याची मुलगी रांगत होती. दार उभे राहिले, ऋतू उलटले, मजुरी काही आली नाही. रोज संध्याकाळी तो घाटावर बसून गावाकडे निघालेल्या नावा बघे. घराच्या आठवणीने त्याचा जीव तुटत असे.

तिथेच एकदा अमात्यांनी त्याला विचारले, "नावेत का बसत नाहीस?"

"रिकाम्या हातानं कसा जाऊ, धनी? घरी उसनवारीवर चूल पेटते," पूर्णक म्हणाला. "नावाडी सांगत होता, पोर बोलायला लागली. काय बोलते ते विचारायचं राहूनच गेलं."

दुसऱ्या दिवशी राजा शिकारीहून परतला, तेव्हा अमात्य पूर्णकाला घेऊन महाद्वारात उभे होते.

"महाराज, मजुरी मिळेपर्यंत हे दार पूर्णकाचे आहे. त्याला विचारून आत यावे."

"तुमचे पद जाईल," राजा म्हणाला.

"जाऊ द्यावे."

बघायला सारे नगर लोटले होते. राजा हसला आणि थट्टेने म्हणाला, "काय रे सुतारा, आत जाऊ का?"

पूर्णकाने हात जोडले. "जावं महाराज. मलाही आता घरी जाऊ द्यावं."

राजाचे हसू मावळले. त्याने तिथल्या तिथे मजुरी चुकती केली, ताटकळल्याची भरपाई दिली. मोबदला मिळेपर्यंत वस्तू कारागिराचीच, आणि वेस ओलांडली तरी त्याचा हक्क कायम, अशी दवंडी पिटवली. अमात्यांचे पदही राहिले.

पूर्णक घरी पोचला. मुलगी आईच्या पदराआड लपली आणि हे कोण आलेत म्हणून विचारू लागली. भरपाईची थैली त्याच्या हातात तशीच राहिली.

शास्त्यांनी, म्हणजे पुढे बुद्ध झालेल्या त्याच बोधिसत्त्वांनी, ही कथा एका नव्या विहारात सांगितली. विहार बांधवून घेणारे गृहपती समोरच बसले होते.

"तेव्हाचा अमात्य मी होतो," शास्ते म्हणाले. "राजा म्हणजे हे गृहपती. पूर्णक म्हणजे त्या खांबापाशी बसलेला सुतार. या जन्मीही त्याला घरी जायचे आहे. आधी देणे फेडावे, मग दान द्यावे. ज्याची घरी कोणी वाट पाहते त्याला वेळेवर मोकळे करणे, या गुणाचे नाव करुणा."

तोवर गृहपती उठून खांबाकडे निघाले होते.