चिमीने सोडलेली गाठ

“आणि मग तिने गाठ का सोडली?”

भैरवगिरी महाराजांनी विचारलं. चिंतामण याच प्रश्नाची वाट पाहत होता. त्याचे तर पाय जमिनीवर ठरेनात.

उद्या मठात पौर्णिमेचं निरूपण होतं. रिवाज असा, की गादीवर बसणाऱ्याने आदल्या दिवशी महाराजांना कथा ऐकवायची आणि त्यांच्या एकाच प्रश्नाचं उत्तर द्यायचं. पटलं तर गादी. नाही पटलं तर आणखी वर्षभर झाडलोट. चिंतामणची तीन वर्षं झाडूवरच गेली होती.

कथा एवढीशी. आई चिमीला म्हणायची, तुझी सावली लांबून विहिरीला टेकली की हाक मारीन, मग खेळ पुरे. एक दिवस चिमीने आपली सावलीच चिंचेला बांधून टाकली. दिवस कलेना, खेळ संपेना. मग केव्हातरी तिने आपल्याच हाताने गाठ सोडली.

“वैराग्य, महाराज. सावली म्हणजे काळ, चिंच म्हणजे माया, विहीर म्हणजे मृत्यू. साठ पानं लिहिलीत मी.”

“चिमी किती वर्षांची?”

“सात. म्हणजे सप्तधातू...”

महाराजांनी वाळत घातलेल्या छाटीची दोरी सोडली आणि त्याच्या हातात दिली.

“बांध.”

“काय?”

“तुझी सावली.”

परीक्षाच ती, नाही कसं म्हणणार? चिंतामणने ओसरीच्या खांबाला दोरी बांधली आणि दुसरं टोक सावलीच्या गळ्याशी दगडाखाली दाबलं. सावली बोटभर सरकली. त्याने दगड हलवला. ती पुन्हा सरकली. पानं कुठे पडली, उपरणं कुठे गेलं, शुद्ध नव्हती. चाळिशीचा हा विद्वान धुळीत रांगत सावलीला “थांब गं, थांब” म्हणत होता. साठ पानं लिहूनही त्याला एवढा आनंद झाला नव्हता.

स्वयंपाकघराच्या दारात अनशीबाई आल्या. रोजच्यासारखी त्यांनी एकेकाला नावाने जेवायला हाक मारली. चिंतामणचं नाव ओठांवर आलं, तेवढ्यात महाराजांनी हात वर केला. बाई गप्पच आत गेल्या.

अंगण रिकामं झालं. आतून ताटांचा आवाज आला, कुणीतरी हसलं.

चिंतामणने मान वर केली. हळूच दगड बाजूला केला आणि खांबाची गाठ सोडली. पुढचं बोलायची त्याला लाज वाटत होती.

“महाराज... आज मला कुणी हाक नाही मारली.”

महाराजांनी अंगावरची शाल काढून त्याच्या खांद्यावर घातली.

“तिलाही नव्हती मारली.”